जनतेचे गाऱ्हाणे आणि राज्यकर्त्यांचा धम्म

काही महिन्यांपूर्वी आमच्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दीघनिकायातील कूटदन्तसुत्ताचे वाचन चालू असताना एका तरुण उपासकाने मध्येच प्रश्न केला. अर्ज दिला तर पोच मिळते, उत्तर मिळत नाही; मोर्चा काढला तर उत्तर मिळते, पण ते जमावबंदीच्या हुकमाच्या रूपाने. अशा वेळी शांततेचा धम्म सांगणाऱ्यांनी ‘शांत राहा’ हे कोणाला सांगावयाचे, आम्हाला की राज्यकर्त्यांना? प्रश्नात राग होता, परंतु तो अस्थानी नव्हता. उपासकाने संयमी असावे हे आपण नित्य ऐकतो. राज्यकर्त्याने लोकांच्या गाऱ्हाण्याला कसे सामोरे जावे, याविषयीही तथागतांच्या परंपरेत स्पष्ट विचार आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. तो विचार काय आहे आणि आपल्याच इतिहासातील महाडच्या प्रकरणाला तो लावून पाहिल्यास काय दिसते, हे येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ज्या सुत्तावरून प्रश्न निघाला ते सुत्त पाहू. मगध देशातील खाणुमत गावचा कूटदन्त ब्राह्मण महायज्ञाच्या तयारीत आहे. बैल, गोऱ्हे, शेळ्यामेंढ्या शेकड्यांनी यूपापाशी आणून बांधल्या आहेत. आणि यज्ञ कसा करावा हे विचारण्यासाठी तो नेमका भगवंतांकडे येतो! भगवंत त्याला महाविजित राजाची कथा सांगतात. या राजालाही महायज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित त्याला थांबवितो. तो म्हणतो की, राज्यात उपद्रव माजला आहे, गावे लुटली जात आहेत, वाटा सुरक्षित राहिलेल्या नाहीत. अशा वेळी प्रजेवर नवा कर बसविणे हे अकृत्य होईल. येथे पालीत ‘दस्सुखील’ असा शब्द येतो. राज्यात रुतून बसलेला लुटारूपणाचा खुंटा, असा त्याचा भाव घेता येईल. वध, बंधन, दंड, निर्भर्त्सना आणि हद्दपारी या उपायांनी हा खुंटा उपटता येईल असे राजाला वाटेल, पण तो तसा उपटणार नाही; कारण या उपायांतून जे उरतील तेच पुढे राज्याला पीडा देतील, असे पुरोहिताचे म्हणणे आहे. त्याचा उपाय निराळा आहे. जे शेती आणि पशुपालन करू इच्छितात त्यांना बी-बियाणे व वैरण द्यावी, जे व्यापार करू इच्छितात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत श्रम करतात त्यांना अन्न व वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले म्हणजे उपद्रव आपोआप शमेल आणि राजाचा कोशही वाढेल. राजाने तसे केले, तेव्हा लोक घरांची दारे उघडी टाकून, मुलांना छातीशी नाचवीत राहू लागले, असे सुत्तात वर्णन आहे.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. सुत्तातील दस्यू हे लुटारू आहेत. गाऱ्हाणे घेऊन आलेले नागरिक नाहीत. मोर्चा काढणाऱ्यांना आणि दरोडेखोरांना एकाच मापाने मोजण्याची चूक राज्यकर्ते नेहमीच करीत आले आहेत, ती आपण करू नये. परंतु जे प्रत्यक्ष लूटमार करतात त्यांच्याही बाबतीत ‘हे का घडले’ हा प्रश्न ‘कोणी केले’ या प्रश्नाच्या आधी विचारावा, असे जर हे सुत्त सांगत असेल, तर हातात केवळ अर्ज घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत तो किती आधी विचारला पाहिजे!

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्त याच्याही पुढे जाते. त्यातील एक राजा परंपरेप्रमाणे प्रजेच्या रक्षणाची सर्व व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही. हे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पहारे आहेत, बंदोबस्त आहे, आजच्या भाषेत कायदा आणि सुव्यवस्था आहे. न्याय तेवढा नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी जन्मते. पहिला चोर राजापुढे उभा केला जातो आणि जगण्याचे साधन नाही म्हणून चोरी केली असे सांगतो. राजा त्याला धन देतो. दुसऱ्यालाही देतो. मग लोकांमध्ये बातमी पसरते की, जो चोरी करतो त्याला राजा धन देतो! चोऱ्या वाढतात. तेव्हा राजा दुसऱ्या टोकाला जातो. एकाला पकडून, मुंडण करून, नगारा वाजवीत नगरातून फिरवून दक्षिण दरवाजाबाहेर त्याचा शिरच्छेद करवितो. ते पाहून लोकही तीक्ष्ण शस्त्रे करवून घेतात आणि लुटलेल्याला जिवंत सोडणे बंद करतात.

या राजाच्या दोन्ही चुका आपल्या परिचयाच्या आहेत. दुसरी, म्हणजे दंडाची, सर्वांना दिसते. पहिली तितकी दिसत नाही, कारण ती दयेच्या वेषात येते. गाऱ्हाणे मुळात असताना राजाने काही केले नाही. उपद्रव झाल्यावर, आणि ज्याने उपद्रव केला त्यालाच, दिले. राज्य केवळ गडबडीलाच प्रतिसाद देते, असा धडा त्यातून प्रजेने घेतला. गोळीबारानंतर जाहीर होणारी मदत, दंगलीनंतर मंजूर होणारी वस्ती, उपोषणाच्या नवव्या दिवशी दिले जाणारे आश्वासन ही याच राजाची कृत्ये आहेत. त्यानंतर ‘लोकांना आंदोलनाची चटक लागली’ असे तोच राजा म्हणतो.

सम्राट अशोकाचे उदाहरण सुत्तांतील राजांपेक्षा वेगळे, कारण तो इतिहासातील राजा आहे आणि त्याचे शब्द दगडावर आहेत. कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख पकडून नेली गेली, हा आकडा त्याने स्वतः तेराव्या शिलालेखात दिला आहे. पण कलिंग देशातच, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेला नाही. त्याऐवजी तेथे दोन स्वतंत्र लेख आहेत. पैकी एक तोसली व समापा येथील नगरव्यवहार पाहणाऱ्या महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सर्व माणसे माझी अपत्ये आहेत असे सांगून राजा त्यांना बजावतो की, कोणालाही निष्कारण बंधन किंवा क्लेश होता कामा नये. मग तो अधिकाऱ्याच्या हातून न्याय का होत नाही याची सात कारणे देतो: ईर्ष्या, चटकन येणारा राग, निष्ठुरता, घाई, सातत्याचा अभाव, आळस आणि थकवा. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, अशीही आज्ञा आहे. म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेली ताकीद ज्यांच्यावर अधिकार चालतो त्यांनाही ऐकू येणार होती. दर पाच वर्षांनी कठोर नसलेला अधिकारी पाहणीस पाठविला जाईल, असेही त्यात नमूद आहे. सहाव्या शिलालेखात तर भोजनसमयी असो वा अंतःपुरात, प्रजेचे काम कोणत्याही वेळी आपल्यापर्यंत पोचवावे, असे तो प्रतिवेदकांना सांगतो.

अशोकाला देव्हाऱ्यात बसविण्याचा आमचा उद्देश नाही. कलिंग त्याने परत दिले नाही. तेराव्या लेखात पश्चात्ताप व्यक्त करतानाच अटवीत राहणाऱ्या लोकांना आपल्या सामर्थ्याची आठवण तो करून देतो. तरीही जिंकलेल्या, दुखावलेल्या मुलखात कोणता लेख कोरावा याचा विचार करताना त्याने लोकांच्या वागणुकीचे नियम लिहिले नाहीत, अधिकाऱ्यांचे दोष लिहिले, ही गोष्ट साधी नव्हे.

हे तिन्ही दाखले मनात ठेवून आता महाडकडे वळू. महाडची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण ती बहुधा चवदार तळे आणि मनुस्मृतिदहन या दोन दिवसांची सांगितली जाते. अधिकाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ती सुमारे चौदा वर्षांची कथा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खातेप्रमुखांना त्याप्रमाणे आज्ञा काढली. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. तीन वर्षे त्या कागदाने एक ओंजळ पाणीही दिले नाही, कारण तो अमलात आणण्याचे काम कोणाचेच नव्हते. ठराव करणाऱ्यांनी ठराव केला, आज्ञा काढणाऱ्यांनी आज्ञा काढली. सरकारी यंत्रणेचा हा पहिला प्रतिसाद होय, आणि तो विरोधाहून अधिक चिवट असतो, कारण त्याच्याशी भांडावयाचे कसे हेच कळत नाही.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक बाबासाहेबांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. म्हणजे त्यांनी शासनाचाच ठराव अमलात आणला. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची आवई उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. अधिकारी डाक बंगल्यावर बाबासाहेबांकडे आले ते जमावाला आवरण्यासाठी त्यांचे साहाय्य मागत. तुम्ही इतरांना आवरा, माझ्या लोकांना मी आवरतो, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. आणि प्रतिकारास सज्ज झालेल्या आपल्या माणसांना खरोखरच आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. जिल्ह्यातील प्रमुख अधिकारी हिंदू नसल्यामुळेच हे घडू शकले, असे बाबासाहेबांचे मत होते.

पण खरे उत्तर नगरपालिकेने दिले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. वाचकांनी क्रम पाहावा. पाणी पिणाऱ्यांनी कायदा मोडला नव्हता; मारहाण करणाऱ्यांनी मोडला होता. तरी मारहाणीनंतर रद्द झाला तो पाणी पिण्याचा ठराव! शांतता राखावयाची म्हणून जेव्हा हक्क मागे घेतला जातो, तेव्हा हल्लेखोरांना शिक्षा झाली तरी त्यांचे इप्सित साध्य झालेले असते.

डिसेंबरात सत्याग्रह जाहीर झाला, तेव्हा सवर्ण मंडळींनी जिल्हाधिकाऱ्यांकडे फौजदारी कार्यसंहितेच्या १४४ कलमाखाली मनाईची मागणी केली. तळे सार्वजनिक आहे, ते मला बंद करता येणार नाही, तुमचा काही हक्क असेल तर दिवाणी न्यायालयात सिद्ध करा, असे उत्तर त्यांना मिळाल्याचे बाबासाहेबांनी नोंदविले आहे. हे उत्तर कायद्याला धरून होते. हे कलम शांतताभंगाचा धोका असता अधिकाऱ्याला मनाईचा अधिकार देते. पण मनाई हक्क बजावणाऱ्याला करावयाची की अडविणाऱ्याला, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर राहते. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमात हाच अधिकार आला आहे, आणि तोच पेचही. थोडे आहेत त्यांना थांबविणे नेहमीच सोपे असते.

जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलेली मनाई न्यायालयात मिळाली. १२ डिसेंबरला दावा दाखल झाला, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. विनयपिटकात वाद मिटविण्याचे जे सात प्रकार सांगितले आहेत त्यांत पहिला ‘सम्मुखाविनय’ आहे. संघ, धम्म, विनय आणि वादाशी संबंधित व्यक्ती या सर्वांच्या समोर निर्णय व्हावा, असे त्याचे स्वरूप आहे. दोन दिवसांत निघालेल्या हुकमाला हे माप लावून पाहावे. सत्याग्रहासाठी निघालेले बाबासाहेब दासगावच्या धक्क्यावर उतरले तेव्हा पोलीस अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन उभे होते. जिल्हाधिकारी हूड परिषदेत स्वतः आले आणि न्यायालयाचा हुकूम पाळावा असे आवाहन त्यांनी केले. जवळजवळ चार हजार लोकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदविली होती.

अभ्यासवर्गातील तरुणाचा पुढचा प्रश्न येथेच होता: मग बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब का केला? आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर भीतीत नाही. लढा एका नगरातील सवर्णांशी होता, तो मनाई हुकमामुळे सरकार आणि न्यायालयाशी होऊन बसला असता. प्रतिपक्षाला तेच हवे होते. २७ डिसेंबरला तहकुबीचा ठराव झाला आणि लोकांनी तळ्याभोवती व नगरातून शिस्तबद्ध मिरवणूक काढली. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. तिन्ही निकाल आपल्या बाजूने होते. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे उच्च न्यायालयाने धरले. विधिमंडळाने १९२३ साली जे मान्य केले होते ते कायद्याने पक्के होण्यास १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात राज्याच्या निधीतून चालणाऱ्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा जो स्पष्ट उल्लेख आला, त्यामागे ही चौदा वर्षे उभी आहेत.

हाच क्रम स्वातंत्र्यानंतर पुन्हा दिसला. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. आणि अंमलबजावणी थांबली ती ठरावाची. लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. महाडच्या नगरपालिकेपेक्षा विधिमंडळ मोठे, एवढाच काय तो फरक.

घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी तर मधला वेळही नव्हता. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघड झाले, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. गॅसचे टँकर पेटविले जाण्याचा धोका होता, असे समर्थन करण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला आणि २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला दोषी ठरविले. अशोकाच्या यादीतील ‘घाई’ हा दोष आम्हाला या प्रकरणात आठवतो. शिवाय हेही लक्षात येते की, सकाळचे गाऱ्हाणे होते पुतळ्याच्या विटंबनेचे. त्यानंतरची बारा वर्षे बोलणे झाले ते गोळीबाराचेच. राज्याची कृती इतकी मोठी झाली की मूळ तक्रार तिच्याखाली गाडली गेली.

या ठिकाणी काही वाचक २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणाची आठवण देतील. संविधानिक मार्ग खुले असताना असहकार आणि सत्याग्रह यांना समर्थन उरत नाही, असे बाबासाहेब त्यात म्हणाले होते. अधिकारपदावरील मंडळी हा उतारा मोठ्या आवडीने आंदोलकांना ऐकवितात. तो त्यांनी पूर्ण ऐकवावा. त्या विधानाला एक अट जोडलेली आहे: मार्ग खुले असताना. ते खुले ठेवण्याची जबाबदारी अर्ज देणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची आहे. महाडला स्वतः सत्याग्रह उभारणाऱ्या आणि स्वतःच तो तहकूब करून दहा वर्षे न्यायालयाचे उंबरे झिजविणाऱ्या पुरुषाला, खुला मार्ग आणि खुला दिसणारा मार्ग यांतील अंतर आणखी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाने पुढच्या रविवारी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. वस्तीतील बंद पडलेल्या सार्वजनिक नळाविषयी त्याने एका कार्यालयात दिलेल्या अर्जाची ती पोच होती. तारीख होती, गोल शिक्का होता, आणि त्या गोष्टीला अकरा महिने झाले होते. धौलीच्या लेखातील सात दोषांची यादी आम्ही फळ्यावर लिहिली होती. यांतला हा कोणता, असे त्याने विचारले. वर्गात दोन मते पडली. काहींनी आळस म्हटले. आमच्यातील एका निवृत्त कारकुनाने मात्र मान हलविली आणि तो म्हणाला, आळस नव्हे, पाचवा लिहा, सातत्याचा अभाव. शिक्का मारीपर्यंत तर त्यांनी काम केलेच आहे. मग नवा अर्ज लिहावयास घेतला. या वेळी त्याखाली वर्गातील सर्वांच्या सह्या होत्या, आणि तो सर्वांनी मिळून नेऊन द्यावयाचा असे ठरले.